चालेल त्याचं पाणी

विरार लोकलच्या दाराशी जागा मिळवून दादरपर्यंत एका पायावर गेलेल्या माणसाला कसरतीचं फारसं कौतुक उरत नाही. आपला दुसरा पाय कुठे आहे, हे त्याला बोरिवली गेल्यावर कळतं. त्यामुळे पाणनिवळीचा एकेक पाय तिच्या अंगाच्या पंधरापट वजन पेलू शकतो, असं बीजिंगच्या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली मोजून सांगितलं तेव्हा जग थक्क झालं असेल. आमच्या फलाटावर कुणी पेपरातून मान वर केली नसती.

मला निवळीचं कौतुक आहे ते वेगळ्याच कारणासाठी. एवढी ताकद असून ती कुणाच्या पायावर पाय देत नाही. (फार भूक लागली तर शेजारणीला खाते, पण तो वेगळा मुद्दा.)

निवळी सगळ्यांनी पाहिलेली असते आणि बहुतेकांनी नीट पाहिलेली नसते. विहिरीत, तळ्यात, ओढ्याच्या डोहात पाण्यावरून सरसर पळणारा तो लांबट, करडा, काडीपायांचा किडा. डबक्यात मोटरसारखे गोल गोल फिरणारे ते चकचकीत काळे भुंगे वेगळे. पोरंटोरं मात्र दोघांना एकाच नावाने हाक मारतात. आमच्या लहानपणी निवळी गिळली की पोहता येतं, असं ठामपणे सांगितलं जाई. माझ्या मोठ्या भावाने एक गिळली होती. नंतर काकांनी त्याच्या पाठीला सुका भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकललं आणि तो पोहायला शिकला. श्रेय निवळीचं, भोपळ्याचं की काकांचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आता माझी निवळ्या बघायची जागा म्हणजे शेजारच्या मावशींचं बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, वाघोली, भुईगाव, गास, आगाशी या गावांत फिरलात तर वाड्यांच्या कोपऱ्यात खोदलेली गोड्या पाण्याची तळी दिसतील. तीच बावखलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, सावकाश जमिनीत मुरतं, आणि जमिनीखालून आत घुसू बघणाऱ्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या विहिरी गोड राहिल्या त्या अशा. एके काळी रहाटाने हे पाणी वर काढून केळी, पानवेली, भाजी आणि फुलं भिजत. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ उपसून त्याच झाडांच्या मुळाशी घालत. म्हणजे पाणीही बावखलाचं आणि खतही बावखलाचं. सल्लागार नेमून हे कुणी आखलं असतं तर त्याला आज पुरस्कार मिळाला असता.

मावशींच्या बावखलावर आंब्याची सावली आहे. काठावर बसून निवळीऐवजी आधी तिची सावली बघावी. पाय केसाएवढे बारीक, पण तळाच्या चिखलावर त्यांच्या जागी मोठाले गोल काळे ठिपके पडतात, कडेला उजळ किनार असलेले. पायाखाली पाणी फाटत नाही, नुसतं दबतं. त्या खळीतून प्रकाश वाकून बाजूला जातो, म्हणून मध्ये अंधार. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. आतल्या कणांना चहूकडून सोबत असते, पण सगळ्यात वरच्यांना डोक्यावर कुणीच नसतं, म्हणून ते शेजाऱ्यांना जास्तच घट्ट धरतात. शाळेत याला पृष्ठताण म्हणायचे आणि दोन मार्कांना विचारायचे. या ताणलेल्या साईवर निवळीचा सगळा संसार. पायांवर मेण असतंच. पण बीजिंगवाल्यांचं म्हणणं असं, की खरी करामत मेणाची नाही, पायावरच्या हजारो सूक्ष्म केसांची आणि त्या केसांवरच्या त्याहून सूक्ष्म खाचांची आहे. खाचांत हवा अडकून बसते आणि पाण्याला पायाशी येताच येत नाही. निवळी पाण्यावर उभी असते असं आपण म्हणतो. खरं तर ती हवेवर उभी असते आणि हवा पाण्यावर.

पाय सहा, पण कामं वाटून दिलेली. पुढचे दोन आखूड, सावज धरायला. मधले दोन सगळ्यात लांब, वल्ही. मागचे दोन सुकाणू. तोंडाच्या जागी टोकदार सोंड. पाण्यात पडलेल्या मुंगीच्या अंगात ती खुपसायची, पाचक रस आत सोडायचा, आतला ऐवज पातळ झाला की ओढून घ्यायचा. मुंगी, माशी, पाण्यातून पंख सुकवत बाहेर येणारा डास, काहीही चालतं. या सोंडेवरूनच तिचं खानदान ओळखू येतं: निवळी ही ढेकणाची नातेवाईक. एकाच घराण्यातली एक शाखा पाण्यावर नाचते, दुसरी गादीच्या शिवणीत राहते. अशी घराणी माणसांतही असतात, नावं घेत नाही.

इंग्रजीत तिचं एक लाडकं नाव आहे, येशूचा किडा. मावशी रोज सकाळी मिस्साला जाणाऱ्या. त्यांना हे सांगावं की नाही, याचा मी बराच विचार केला. शेवटी सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्या कुपारी बोलीत जे म्हणाल्या ते मी तसंच लिहायला गेलो तर माझीच शोभा होईल, म्हणून अर्थ देतो: शुभवर्तमानात पेत्रही पाण्यावर चालायला उतरला होता, पण वारा बघून घाबरला आणि बुडायला लागला. या किड्याला वाऱ्याकडे बघायला सवड कुठे आहे, तो तर मुंगीकडे बघतोय.

यापुढे धर्मशास्त्रात शिरण्यापेक्षा मी भौतिकशास्त्राकडे वळलो, तर तिथेही एक कोडं होतंच. निवळी वल्हवते म्हणजे पाण्याला मागे ढकलते, पण ती तर पाण्याच्या वर! मग ढकलते काय? बरीच वर्षं उत्तर असं होतं की ती लाटा मागे सारते. मोठ्या निवळीपुरतं हे पटत होतं. पण नुकतं अंड्यातून आलेलं पिल्लू? पाण्यावर लाट उठायची तर पाय एका ठरावीक वेगाहून जलद हलायला लागतो, आणि पिल्लाच्या पायाला तेवढा वेग नाही. हिशेबाने पिल्लांनी जागच्या जागी तडफडायला हवं. मार्क डेनी नावाच्या शास्त्रज्ञाने हे दाखवून दिल्यामुळे कोड्याला त्याचं नाव पडलं. पिल्लांना अर्थातच हे कुणी कळवलं नव्हतं, ती पळत राहिली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतल्या डेव्हिड हू, ब्रायन चॅन आणि जॉन बुश यांनी पाण्यात रंग सोडून बघितलं. पायाच्या प्रत्येक फटक्याबरोबर पृष्ठभागाखाली छोटे भोवरे तयार होऊन मागे जात होते. भोवरे मागे, निवळी पुढे. मग त्यांनी एक यांत्रिक निवळीही बनवली. तिचं अंग शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचं, पाय तारेचे, आणि ताकद मोज्यातल्या इलॅस्टिकची. एमआयटीत हे केलं की संशोधन, आणि नालासोपाऱ्यात केलं की पोरगं वाया चाललंय.

पण बावखलाशी बसून मी ज्यात सगळ्यात जास्त वेळ घालवला, ते त्यांचं बोलणं. आवाज नाही, हावभाव नाहीत. पाय पाण्यावर थरथरवायचा की तरंग निघतात, तेच शब्द. पायांच्या सांध्यांत तरंग ओळखणारी इंद्रियं आहेत. मुंगी पडून धडपडते तो तरंग वेगळा, शेजारचा नर ‘ही माझी हद्द’ म्हणतो तो वेगळा. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टिम्सन विल्कॉक्स यांनी १९७०च्या दशकात हा विषय हाती घेतला आणि १९७९ साली एक प्रयोग छापला, तो वाचून मला त्यांच्या घरच्यांची काळजी वाटली. एका अमेरिकन जातीतला नर सेकंदाला ऐंशी-नव्वद कंपनांचा संदेश पाठवतो, मादी तसा पाठवत नाही. विल्कॉक्स यांनी नराच्या डोळ्यांवर रबराची पट्टी चढवली. (निवळीचे डोळे केवढे, त्यावर पट्टी केवढी!) मादीच्या पुढच्या पायाला इवलंसं चुंबक चिकटवलं, आणि बाहेरून विजेच्या वेटोळ्याने ते असं हलवलं की मादीच्या पायातून नराचा संदेश निघावा. पट्टीवाला नर तिच्यापाशी आला, ‘कोण?’ म्हणून थबकला, ‘मी अमुक अमुकराव’ असं उत्तर आलं, आणि गडी निमूट बाजूला झाला. चुंबक बंद असताना मात्र थेट गळ्यात पडायचा. म्हणजे निवळ्यांच्या जगात तुम्ही कसे दिसता याला किंमत नाही. तरंग काय सांगतो, त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं.

हे वाचून निवळ्या फार सुसंस्कृत वाटायला लागल्या होत्या, तेवढ्यात एक कोरियन अभ्यास हाती आला. २०१० सालचा. तिथल्या एका जातीत मादी सहजी होकार देत नाही. मग नर तिच्या पाठीवर बसून पाण्यावर पाय आपटतो. हे प्रेमगीत नव्हे. त्या तरंगांनी खालून, पाठीवर उताणे पोहणारे शिकारी किडे जवळ येतात. पाण्याला टेकलेली मादी असते, नर वर सुरक्षित. ती जितकी आढेवेढे घेईल तितका तिचा धोका वाढतो. माझ्या बायकोने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि ‘पुढे?’ असं विचारलं. पुढे काही नव्हतं.

जुलैत तिकडे फिरकायची सोय नसते. वसईचा पाऊस हा पडणाऱ्यापेक्षा राहायला येणाऱ्या जातीचा. २०१८च्या जुलैत तर नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले होते आणि गाड्या बंद होत्या. अशा पावसात निवळीचं काय होतं, हा प्रश्न मला पडला होता, पण छत्री धरून उत्तर शोधायची हिंमत नव्हती. अमेरिकेतल्या डॅरेन वॉटसन आणि अँड्र्यू डिकर्सन यांनी ते काम प्रयोगशाळेत, कोरड्या कपड्यांत केलं आणि २०२४ मध्ये छापलं. पावसाचा थोरला थेंब म्हणजे निवळीहून कितीतरी जड ऐवज. तो अंगावर पडला तरी तिला इजा होत नाही. थेंबाने पाण्यात खड्डा पडतो, त्यात ती खाली जाते. खड्डा मिटताना मधून पाण्याचा खांब वर उसळतो, त्यावर बसून ती वर फेकली जाते. इथवर जत्रेतली मजा. पण तो खांब कोसळला की दुसरा, लहान खड्डा पडतो आणि तो इतक्या झटक्यात मिटतो की निवळी पाण्याखाली राहते. मग अंगावरच्या केसांत धरून ठेवलेल्या हवेच्या जोरावर ती पाय मारत वर येते आणि पुन्हा साईवर उभी राहते. खड्डा, उसळी, पुन्हा खड्डा: आमच्याकडच्या रिक्षावाल्यांना हे संशोधन वाचून दाखवलं तर ते फक्त भाडं किती झालं ते सांगतील.

पहिल्या पावसानंतर दोन-चार दिवसांत रस्त्यावरच्या डबक्यांतही निवळ्या दिसू लागतात. काल तिथे डांबर होतं. या आल्या कुठून? चालत नव्हेत, कोरड्या जमिनीवर त्या अगदीच केविलवाण्या. त्या उडत आल्या.

आणि इथे निवळीची माझ्या मते सगळ्यात विलक्षण गोष्ट येते. एकाच जातीत, एकाच तळ्यात, काही निवळ्यांना पूर्ण पंख असतात आणि काहींना अजिबात नसतात. आपल्याकडच्या तळ्या-डबक्यांत सर्रास दिसणाऱ्या लिम्नोगोनस वंशातही हे दोन्ही प्रकार आहेत. पंख बांधायला, उडायचे स्नायू पोसायला खर्च येतो. तोच खर्च अंड्यांवर केला तर संतती वाढते. त्यामुळे जिथे पाणी वर्षभर टिकतं तिथे बिनपंखींची चलती, आणि जिथे पाण्याचा भरवसा नाही तिथे पंखवाल्यांची. काही जातींतल्या माद्या तर एकदा चांगलं तळं सापडलं की उडायचे स्नायू विरघळवून तो माल अंड्यांच्या कामी लावतात. परतीचं तिकीट मोडून घराचा हप्ता भरावा, तसं. सह्याद्रीच्या बारमाही ओढ्यांतल्या लांबलचक पायांच्या प्टिलोमेरा बहुतेक बिनपंखीच. आणि या हिशेबाचं शेवटचं टोक बघायचं तर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे, पार क्षितिजाच्या पलीकडे. भर समुद्रात राहणारे म्हणता येतील असे किडे जगात एवढेच, हॅलोबेटिस नावाच्या सागरी निवळ्या. ‘रुरिक’ या रशियन जहाजावरच्या एशशोल्ट्झ या निसर्गतज्ज्ञाने त्या गोळा केल्या आणि १८२२ साली त्यांना नाव दिलं. त्यांच्यात पंखवाली एकही नाही. समुद्र आटेल अशी शंकाच त्यांच्या कुळाला कधी आली नाही. अंडी घालायला तरंगतं पीस किंवा लाकडाचा तुकडा शोधावा लागे, ती अडचण आता आपण प्लास्टिक टाकून दूर केली आहे. उत्तर पॅसिफिकमध्ये प्लास्टिक वाढलं तशी त्यांची अंडीही वाढल्याचं २०१२ साली दिसून आलं.

मावशींच्या बावखलातल्या निवळ्या मी भिंग घेऊन बघितल्या. बऱ्याचशा बिनपंखी. साहजिकच आहे. हे तळं त्यांच्या सासऱ्यांच्याही आधीचं.

बावखलांना वाईट दिवस आले ते माती भरणाऱ्यांमुळे. पाण्यापेक्षा त्याखालच्या जमिनीला भाव आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती रस्त्यावर उतरली, तेव्हा भांडण टँकरशी होतं: इथल्या विहिरींचं गोडं पाणी उपसून नेलं की त्या जागी खारं पाणी येतं, हे ते गावोगाव सांगत होते. आता टँकरच्या जोडीला डंपर आहे. डंपर साधारणपणे रात्री येतो, का ते त्यालाच माहीत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालक असतो, वारस असतात, बोजा असतो, इतर अधिकारांच्या रकान्यात कूळही असतं. निवळीचं नाव कुठेच नाही. कसेल त्याची जमीन असा कायदा झाला, चालेल त्याचं पाणी असा झाला नाही. झाला असता तर आमच्या तालुक्यात निवळ्या मोठ्या जमीनदार ठरल्या असत्या.

मावशींच्या दिरांच्या वाटणीला आलेलं अर्धं बावखल असंच भरलं गेलं. तिथे आता सात मजली इमारत आहे. तिच्या नावात इंग्रजीतलं तळं आहे, आणि तळ्याच्या जागी पार्किंग. मावशींच्या धाकट्याने तिथेच फ्लॅट घेतला, आणि गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला गाडीही. काळी, लखलखीत. एका सकाळी तो मला बोलवायला आला, कारण वसईत किड्यांबद्दल तक्रार करायची तर माझ्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही. गाडीच्या टपावर चार-पाच पाणभुंगे पालथे-उताणे पडले होते, आणि बॉनेटवर एक पंखवाली निवळी मधले पाय पसरून उभी होती.

मी त्याला समजावलं. पाणी कुठे आहे हे हे किडे वास घेऊन शोधत नाहीत. पाण्यावरून परतणारा प्रकाश एका पातळीत कंप पावतो, ते त्यांच्या डोळ्यांना दिसतं; आपल्याला नाही दिसत. गडद, गुळगुळीत पत्र्यावरूनही अगदी तसाच प्रकाश परततो. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गाड्या ठेवून तपासलं आहे: काळ्या आणि लाल गाड्यांवर पाणकिडे उतरतात, पांढऱ्यांवर फारसे नाहीत. किड्यांच्या मते ते तळ्यावरच उतरलेले असतात.

‘पण इथे तर तळंच होतं,’ तो म्हणाला.

‘मग त्यांचं काय चुकलं?’

त्याने थोडा विचार केला. हप्ता किती आहे तेही सांगितलं. मग, गाडीला रंग बदलून घेतला तर आरसी बुकात नोंद करावी लागते का, असं विचारलं. लागते, मी म्हटलं, त्यापेक्षा पांढरं कव्हर घाल. तोवर मावशी रुमालाचा कोपरा पुढे करून निवळीला बॉनेटवरून उचलायचा प्रयत्न करत होत्या, आणि ती पत्र्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होती. पाण्यावर जिचा पाय कधी घसरत नाही तिची ती दशा बघून धाकट्याला हसू आलं. मावशींना नाही आलं. त्यांनी त्याला घरून डबा आणायला पिटाळलं, झाकणाचा.